दुसऱ्या बेसवरचं प्रेम

साशंक : तुम्ही सुचवलेली कादंबरी वाचून झाली. के. टी. हॉफमन यांची 'द प्रॉस्पेक्ट्स', 2024 मध्ये आलेली. अमेरिकेतल्या मायनर लीगचा एक संघ, म्हणजे मोठ्या संघांना खेळाडू पुरवणारा खालचा थर. त्यात जीन इओनेस्कू हा व्यावसायिक बेसबॉलमधला उघडपणे ट्रान्स असलेला पहिला पुरुष. त्याचा एकेकाळचा सहकारी आणि आताचा प्रतिस्पर्धी लुईस एस्ट्राडा त्याच संघात येऊन पडतो. दोघांचं धड बोलणंही होत नाही. मग एकाच बसमध्ये, एकाच बाकावर दिवस काढता काढता प्रेम जमतं. मी पुस्तक मध्येच टाकलं नाही, हे आधी सांगतो. पण मी बेसबॉल पाहणारा माणूस आहे. मेजर लीगमध्ये जवळजवळ दीडशे वर्षांत वीस हजारांहून अधिक पुरुष खेळून गेले, आणि त्यांतल्या एकानेही मैदानावर असताना आपण समलिंगी असल्याचं जगाला सांगितलेलं नाही. वीस हजारांत तसं कोणी नव्हतंच, असं तर कोणी म्हणणार नाही. म्हणजे ते होते आणि गप्प राहिले. त्यांच्या गप्प राहण्यावर आपण गोड शेवटाची पुस्तकं रचतो, ती हौसेने वाचतो, याचा मला त्रास होतो. जे घडलेलंच नाही ते घडल्याचा आनंद आपण कुठून आणतो?

रसिक : गोड शेवट ही या प्रकारच्या कादंबरीची कबूल केलेली अट आहे. प्रणयकथा हातात घेणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत असतं की ही दोघं अखेर एकत्र येणार. रहस्यकथेत खुनी सापडणार हे जसं ठरलेलं, तसंच हे. म्हणून वाचक 'काय होणार' यासाठी वाचत नाही, 'कसं होणार' यासाठी वाचतो. आणि 'कसं'मध्येच लेखकाची खरी परीक्षा असते. तुम्ही खेळ जाणता म्हणून विचारते : ही दोघं मैदानावर कुठे उभी असतात, याकडे तुमचं लक्ष गेलं का? शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसमन. मधल्या बेसच्या दोन बाजूंना. बेसबॉलमध्ये दोन माणसांचं शरीर एकमेकांवर इतकं विसंबून असेल अशी दुसरी जागा क्वचितच असेल. डबल प्ले आठवा, एकाच चेंडूवर दोन बळी. चेंडू जमिनीलगत येतो, शॉर्टस्टॉप तो उचलतो आणि दुसऱ्या बेसकडे धावत येणाऱ्या साथीदाराच्या छातीच्या उंचीला, किंचित पुढे, हलक्या हाताने देतो. साथीदार बेसला पाय लावतो आणि त्याच उडीत अंग फिरवून पहिल्या बेसकडे फेकतो. हे सगळं होत असताना विरुद्ध संघाचा धावणारा त्याच्या पायांवर घसरत येत असतो आणि याला त्याच्याकडे बघायची सवड नसते. मिळालेला चेंडू वीतभर मागे पडला, तर थांबावं लागतं, वळावं लागतं आणि पाय अडकतो. 2015च्या प्लेऑफमध्ये मेट्स संघाच्या रुबेन तेहादाचा पाय असाच मोडला. चेंडू मागे पडला, तो पाठमोरा गिरकी घेत होता आणि विरुद्ध संघाचा चेस अटली त्याच्यावर येऊन आदळला. पुढच्या वर्षी घसरण्याचा नियमच बदलला. आता सांगा, ज्या माणसाशी आपण बोलत नाही त्याच्या हातून असा चेंडू घ्यायचा, रोज घ्यायचा, यापेक्षा चांगली जागा दोन अबोल पुरुषांच्या प्रेमकथेला कुठे मिळेल? मैदानावरची लय आधी जमते, जिभेला ती नंतर कळते. हे लेखकाने गोडव्यासाठी वरून शिंपडलेलं नाही, ते खेळातूनच आलं आहे.

साशंक : हे मला मान्य आहे, आणि आवडलंही. शिवाय ती जागा हॉफमन यांनी पहिल्यांदा शोधलेली नाही. पीटर लेफकोर्ट यांची 'द ड्रायफस अफेअर' 1992 मध्ये आली. तिच्यातही शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसमन. शॉर्टस्टॉप रँडी ड्रायफस लग्न झालेला, जुळ्या मुलींचा बाप. सेकंड बेसमन डी. जे. पिकेट. पण तिथे काय होतं बघा. दुकानाच्या कपडे बदलायच्या खोलीत दोघं चुंबन घेताना कॅमेऱ्यात सापडतात आणि खेळातून हाकलले जातात. नावच फ्रान्समधल्या त्या गाजलेल्या खटल्यावरून घेतलेलं. पुस्तक विनोदी आहे, पण त्यातला समाज ओळखीचा वाटतो : खेळाचे मालक, पत्रकार, जाहिरातदार, सगळे आपापल्या जागी. प्रेम दोघांचं, पण त्याचा निकाल लावणारे भलतेच. मला विचाराल तर खऱ्याच्या जवळ ते पुस्तक आहे, कारण ग्लेन बर्कचं काय झालं हे मला माहीत आहे.

हा मुलगा ऑकलंडचा. 1976 मध्ये डॉजर्स संघातून मेजर लीगमध्ये आला. 2 ऑक्टोबर 1977, हंगामाचा शेवटचा दिवस. डस्टी बेकरने मोसमातला तिसावा होमरन मारला. त्या वर्षी डॉजर्सच्या चौघांनी तीस-तीस होमरन मारले, तसं आधी कुठल्याच संघाला जमलं नव्हतं. बेकर धावत आला तेव्हा बर्कने हात डोक्यावर उंच धरला आणि बेकरने त्यावर टाळी दिली. हाय फाइव्हची सुरुवात तिथून मानतात. त्यानंतर लगेच बर्क स्वतः खेळायला गेला आणि त्याने मेजर लीगमधला आपला पहिला होमरन मारला. या वेळी हात वर धरून बेकर उभा होता. बर्क समलिंगी आहे हे संघातल्या अनेकांना ठाऊक होतं, तो काही लपून राहणारा गडी नव्हता. क्लबच्या व्यवस्थापनाने आपल्याला लग्न करायला सुचवलं, मधुचंद्राला पंचाहत्तर हजार डॉलर देऊ केले, असं त्याने पुढे सांगितलं. त्याने नकार दिला. 1978च्या मे महिन्यात त्याची ऑकलंडला अदलाबदल झाली. ड्रेसिंग रूममध्ये तो सगळ्यांचा लाडका होता, हे त्याचे सहकारीच नंतर सांगत राहिले. सत्ताविसाव्या वर्षी त्याचं बेसबॉल संपलं. 1982 मध्ये त्याने मासिकातून सगळं उघड केलं, तोवर बोलावणारं कोणी उरलं नव्हतं. 1995 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, एड्सने गेला. त्याची ती टाळी आज गल्लीतली पोरंही देतात. खेळाने त्याची खूण ठेवून घेतली आणि माणूस परत पाठवला. हे एकदा कळल्यावर गोड शेवट माझ्या घशाखाली उतरत नाही.

रसिक : बर्कची गोष्ट मलाही सोसत नाही. पण ती नीट पाहू या, कारण माझ्या मते ती तुमच्या नाही, माझ्या बाजूने बोलते. त्याला कोणी मारलं नाही, कोणी बंदी घातली नाही. एक कागद निघाला आणि तो दुसऱ्या गावाला गेला. ट्रेड. खेळाडूची अदलाबदल. हा बेसबॉलमधला रोजचा व्यवहार आहे, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, आणि म्हणूनच ते सगळ्यांत सोयीचं हत्यार आहे. कोणालाही विचारा, सांगतील की आम्हाला चांगला फलंदाज हवा होता. आता 'द प्रॉस्पेक्ट्स'कडे परत या. लुईस त्या संघात येतो कसा? ट्रेडने. दोघांना तोडू शकेल असं काय आहे? ट्रेड, किंवा त्याहून वाईट म्हणजे बढती. मायनर लीगमधला प्रत्येक मुलगा ज्या एका फोनसाठी जगतो, वरून बोलावणं आलं म्हणून, तोच फोन या जोडीला वेगळं करणार आहे. एकाचं नशीब उघडलं की दुसरा मागे राहतो. प्रेमात पडलेल्या माणसाने साथीदाराच्या यशाची प्रार्थना करायची आणि त्याच यशाला भ्यायचं, ही अडचण लेखकाने मनाने काढलेली नाही. ती करारात लिहिलेली आहे. आपली अदलाबदल नाकारण्याचा हक्क खेळाडूला मिळतो तो मेजर लीगमध्ये दहा वर्षं काढल्यावर, त्यातली शेवटची पाच एकाच संघात असली तर. एरवी तसं कलम करारात मागून घ्यावं लागतं आणि ते मोठ्या नावांनाच मिळतं. खालच्या थरातल्या पोराला कुठला हक्क? त्याला 2023पर्यंत सामुदायिक वेतन करारसुद्धा नव्हता. तो झाला तेव्हा सर्वांत वरच्या मायनर लीगमधला किमान वार्षिक पगार साडेसतरा हजार डॉलरवरून पस्तीस हजार आठशेवर गेला. म्हणजे त्याआधी ही माणसं काय खाऊन खेळत होती, याचा अंदाज करा. गोड शेवटाकडे जाताना ही कादंबरी या सगळ्यातून वाट काढते. तुम्हाला फक्त शेवट दिसला.

साशंक : वाट दिसली. पण त्या वाटेवरची माणसं मला फार भली वाटली. वास्तवात इतकी भली माणसं एका ड्रेसिंग रूममध्ये भेटत नाहीत. बिली बीनचं उदाहरण घ्या. 1987 ते 1995 मेजर लीगमध्ये होता. 1995 मध्ये त्याचा जोडीदार एचआयव्हीशी संबंधित आजाराने गेला. घरचं माणूस गेलेलं, आणि हा माणूस कोणाला न सांगता मैदानावर खेळायला उतरत होता. त्यातून त्याने बेसबॉलच सोडलं. बोलला तो 1999 मध्ये. पुढे 2014 मध्ये मेजर लीगनेच त्याला सर्वसमावेशकतेचं काम दिलं आणि 2024 मध्ये जाईपर्यंत तो ते करत राहिला, हे चांगलंच झालं. पण मृत्यूनंतर ज्याला चार दिवसांची रजासुद्धा मागता येत नाही, त्याच्या एकटेपणाचं काय करायचं? तुमच्या कादंबरीत ते कुठे आहे? आणि हे सगळं जुनं म्हणून सोडून देऊ नका. 2022च्या जूनमध्ये टॅम्पा बे रेज संघाच्या पाच गोलंदाजांनी टोपीवर आणि बाहीवर इंद्रधनुषी चिन्ह लावायला नकार दिला. श्रद्धेचं कारण दिलं. त्यांचा तो हक्क आहे, असं मी धरून चालतो. पण त्याच खोलीत एखादा न बोललेला मुलगा बसला असेल, तर त्या संध्याकाळी त्याने काय ठरवलं असेल?

रसिक : तो मुलगा त्या खोलीत असेल, तर त्याच्यासाठी तिथे आणखी एक गोष्ट होती : बाकीच्या बहुतेक खेळाडूंनी ते चिन्ह लावलं. तो काय मोजेल, पाच की बाकीचे, हे मला सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. भली माणसं भेटत नाहीत म्हणता, तर डेव्हिड डेन्सनची साक्ष काढते. ब्र्यूअर्सच्या मायनर लीग संघातला हा खेळाडू 2015च्या ऑगस्टमध्ये खेळत असतानाच बोलला. त्याने आधी संघसोबत्यांना सांगितलं आणि ते त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्याच उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सोनोमा स्टॉम्पर्स या छोट्या स्वतंत्र संघाचा शॉन कॉनरॉय. त्याने जाहीर केलं आणि संघाच्या प्राइड नाइटला, म्हणजे एलजीबीटी समुदायाच्या सन्मानार्थ ठेवलेल्या सामन्यात, तो गोलंदाजीला उतरला. अख्खा सामना एकट्याने टाकला, समोरच्यांना एकही धाव करू दिली नाही. हे मी कादंबरीत लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, जरा अती झालं. खालच्या थरात, जिथे पैसा नाही, कॅमेरे नाहीत, तिथे हे घडलेलं आहे. हॉफमन यांनी आपली गोष्ट मायनर लीगमध्ये ठेवली ती उगीच नव्हे. हा लेखक स्वतः ट्रान्स आहे. कुठवर आशा धरता येते आणि कुठून पुढे ती महागात पडते, याचा हिशेब त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

साशंक : म्हणजे जिथे गमावण्यासारखं काही नाही तिथेच हे शक्य आहे, असं तुम्हीच म्हणताय.

रसिक : जिथे पाहणारे कमी आहेत तिथे शक्य आहे, असं म्हणतेय. यात फरक आहे. गमावण्यासारखं डेन्सनकडे सगळंच होतं, वय वीस होतं. आणि पाहणारे भरपूर असतानाही हे चालतं, त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायला नको. 26 मार्च 2023, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, महिला प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना. मुंबई इंडियन्सला जिंकून दिलं ते नॅट सिव्हर-ब्रंटच्या नाबाद 60 धावांनी. तिचं लग्न इंग्लंड संघातल्याच कॅथरीन ब्रंटशी झालेलं, 2022 मध्ये. दोघींनी एकमेकींची आडनावं जोडून घेतली, तेच नाव शर्टाच्या पाठीवर. प्रेक्षकांनी ते नाव घेत तिला डोक्यावर घेतलं. दक्षिण आफ्रिकेची मरिझान कॅप आणि डेन व्हॅन नीकर्क यांचं लग्न 2018चं, न्यूझीलंडच्या एमी सॅटरथ्वेट आणि ली ताहुहू यांचं 2017चं. एकाच राष्ट्रीय संघात खेळलेली जोडपी. आकाश कोसळलं नाही. झेल सुटायचे तेवढेच सुटले.

साशंक : आणि पुरुषांच्या क्रिकेटमध्ये? इंग्लंडचा स्टीव्हन डेव्हिस 2011 मध्ये बोलला, त्यानंतर त्या रांगेत किती जण येऊन उभे राहिले? तुम्ही दिलेलं उदाहरणच माझा मुद्दा पक्का करतं. बाई मैदानात उतरते तेव्हाच तिने एक चौकट मोडलेली असते, दुसरी मोडली तर लोक तितके दचकत नाहीत. पुरुषाचं उलट आहे. मैदान ही त्याला पुरुषपणाचं सर्टिफिकेट मिळण्याची जागा. दोन पुरुषांनी एकमेकांना मिठी मारावी, ढुंगणावर थाप द्यावी, गळ्यात पडून रडावं, हे सगळं तिथे चालतं, कारण 'तसं काही नाही' ही हमी आधी दिलेली असते. ती हमी काढून घेतली तर ती मिठी काय उरेल, या भीतीवर ती खोली उभी आहे. म्हणून तिथे मौन इतकं पहाऱ्यात असतं. आणि आता माझा खरा आक्षेप. अशा कादंबऱ्यांना आज भरपूर वाचक आहेत. रेचल रीड यांची बर्फावरच्या हॉकीतली 'हीटेड रायव्हलरी' 2019ची, तिच्यावर 2025 मध्ये मालिका आली आणि तिच्या चाहत्यांच्या उत्साहाला सीमा राहिली नाही. या वाचकांत स्त्रिया पुष्कळ आहेत. त्यांनी का वाचू नये, असं मी म्हणणार नाही. पण या बर्फावरच्या हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्येही खेळत असताना बोललेला एकही नाही. म्हणजे हमी जशीच्या तशी आहे, मौन जसंच्या तसं आहे, आणि शेजारी कल्पनेतल्या जोडप्यांचा उत्सव चालला आहे. बर्कची टाळी घेतली आणि बर्क टाकला. आज आपण प्रेमकथा घेतोय आणि ज्याची ती असायला हवी तो माणूस अजून दाराबाहेरच आहे. पुस्तकाने आपली भूक भागली तर दार ठोठावणार कोण?

रसिक : या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. भूक भागल्यासारखी वाटणं, हे खरंच होतं. पण एक गोष्ट तुम्ही मिठीबद्दल बोललात म्हणून सुचते. तुम्ही म्हणता, हमी काढली तर मिठीचं काय उरेल याची भीती आहे. या कादंबरीने नेमकं तेच करून बघितलंय. हमी काढून टाकली आणि डबल प्ले तोच ठेवला. तोच चेंडू, तीच गिरकी, तोच पायावर येणारा धावणारा. मग दिसतं की खेळ बिघडत नाही. उलट देणाऱ्याला माहीत असतं की घेणारा कुठे असेल. हे कुठल्याही जाहीरनाम्यातून सांगता आलं नसतं. आणि दुसरं म्हणजे, वास्तवात आपण नेहमी एकट्या माणसाची वाट पाहतो. 1947 मध्ये मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणारा जॅकी रॉबिन्सन आला तो एकटा आला, सगळं एकट्याने गिळलं. तेव्हापासून बेसबॉलला 'पहिला' म्हटलं की तसाच एकाकी वीर डोळ्यांपुढे येतो. ग्लेन बर्क, बिली बीन, डेव्हिड डेन्सन, सगळे एकेकटे. कादंबरीला प्रणयकथा असल्यामुळे दोघं घ्यावेच लागतात. आणि दोघं घेतल्याबरोबर प्रश्नाचा चेहरा बदलतो. 'हा धीट आहे का' हा प्रश्न मागे पडतो आणि 'या दोघांना एकत्र राहता येईल अशी नोकरी ही आहे का' असं विचारावं लागतं. हा प्रश्न खेळाडूच्या छातीला विचारायचा नाही, तो क्लबच्या कचेरीला विचारायचा आहे.

साशंक : कचेरीला विचारायचा, तर कचेरीचं उत्तर मी आत्ताच देतो. ट्रेड सगळ्यांनाच लागू आहे. बायका-मुलं असलेल्यांचीही अदलाबदल होते, मध्यरात्री होते. तुमच्या जोडप्याला वेगळा नियम का?

रसिक : वेगळा नको. पण बायको-मुलं असलेल्याची अदलाबदल झाली की निदान ती बातमी असते. मुलांची शाळा बदलली, बायको बाळंतपणाला आली होती, असं समालोचक सांगतात, लोक हळहळतात. 2011पासून करारात बाळाच्या जन्मासाठी तीन दिवसांची रजाही आहे. म्हणजे कुटुंब असतं हे कचेरीला कळतं, ते धरून ती कलम लिहू शकते. एकाच संघातल्या दोघांचं कुटुंब असेल तर ते कोणत्या कलमात बसवायचं, हा विचार करायची वेळ तिच्यावर कधी आलेलीच नाही, कारण असं कुटुंब कोणी तिच्यासमोर ठेवलं नाही. कागदावर का होईना, ते ठेवलं आहे ते कादंबऱ्यांनीच.

साशंक : आणि उद्या कोणी खराखुरा ते समोर ठेवेल, तेव्हा त्याच्या हातात दोन गोष्टी असतील : तुमच्या वाचकांच्या अपेक्षा आणि स्वतःची ती एकच कारकीर्द. लोकांनी त्याची गोष्ट आधीच वाचलेली असेल, शेवटासकट. त्याला साधा वाईट हंगाम खेळायचीही मोकळीक राहील का? बर्कची फलंदाजीची सरासरी सामान्य होती, हजारांत दोनशे सदतीसच्या आसपास, आणि तेवढ्याने त्याला घालवणाऱ्यांची सोय झाली. पहिला येणारा सामान्य खेळाडू असला तर त्याला सांभाळून घेणार का, असं मला तुमच्या वाचकांना विचारायचं आहे. कादंबऱ्यांतले बहुतेक नायक शेवटी चांगलं खेळतात.

रसिक : विचारा. मलाही विचारा. मायनर लीगवरची कादंबरी मला म्हणूनच जवळची वाटते, की तिथले बहुतेक जण वर कधीच पोचत नाहीत आणि तरी रोज सराव करतात. पण तुमचं खरं आहे, पुढची कादंबरी मला अशी वाचायची आहे ज्यात तो दोनशे सदतीसच काढतो, संघ त्याला ठेवतो की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि प्रेम मात्र टिकतं. ती प्रणयकथेच्या अटीत बसेल.

साशंक : बसेल. पण त्या माणसाला नोकरीवर कोण ठेवेल, हे तुमच्या त्या कादंबरीलाही सांगता येणार नाही.